हायवेवरची नर्सरी आणि तिची ‘कमळ, सर्व प्रकार’ ही पाटी: साडेतीन तारे

आधी तीनच तारे दिले होते, गेल्या रविवारी साडेतीन केले. वाढवलेला अर्धा तारा नर्सरीचा नव्हे, तिथल्या माळीमामांचा आहे. मालकांनी हे वाचलं तरी चालेल.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. कऱ्हाडच्या बाहेर हायवेला नर्सऱ्या लागतात, त्यातली एक. तक्रार लिहायची आहे आणि मालक माणूस वाईट नाही. शिवाय त्यांच्याकडे जी चूक झाली ती बऱ्याच नर्सऱ्यांत होते, ऑनलाइनचं तर विचारूच नका.

तर झालं असं. गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आठवड्यात गच्चीवर कमळ लावायचं मनात आलं. सोसायटीची गच्ची मोकळी आहे, सकाळी सातपासून ऊन. नर्सरीत उजव्या हाताला, शेडनेटच्या बाहेर एक कोपरा आहे. तिथे पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात लिहिलंय, ‘कमळ, सर्व प्रकार’. खाली टब, कुंड्या, पिशव्या. मी दोन टब घेतले, साडेचारशे रुपयांना एक. आत काळा चिखल, वर चार बोटं पाणी आणि चिखलातून डोकावणारा एकेक तांबूस कोंब. उलगडलेलं पान एकही नाही. मालक म्हणाले, “गुलाबी कमळ आहे मॅडम, गौरी-गणपतीला फुलं तोडाल.” टेम्पोचे तीनशे वेगळे. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर ‘कमळ २ नग’ एवढंच लिहून दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

मी ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, तेवीस वर्षं झाली. चिखलात हात घालून कंद चाचपला असता तरी मला कळलं असतं. पण त्या दिवशी नवी साडी होती, कोण हात घालणार.

पंधरा दिवसांत पानं आली. पाण्यावर पसरलेली, गोल, आणि कडेपासून देठापर्यंत चिरलेली. थालीपीठाचा पहिला तुकडा मोडून घेतल्यावर उरलेलं थालीपीठ दिसतं तशी. एप्रिलात फूल आलं ते निळं-जांभळं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण कमळ नव्हतं. वॉटर लिली, म्हणजे कुमुदिनी.

घरच्यांचं म्हणणं, तेच ते. पाण्यात उगवतं, पान गोल, पाकळ्या भरपूर, मग कमळच की. सासूबाईंनी पहिलं फूल देवीला वाहूनही टाकलं. माझ्याकडे वाद घालायला पानाची चीर एवढा एकच मुद्दा, त्यावर कोणाचं समाधान होईना. म्हणून दुसरं फूल जेवणाच्या डब्यात घालून कॉलेजात नेलं. परागकण स्लाइडवर झटकले, सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब टाकला, कव्हरस्लिप ठेवली आणि चारशे पट मोठं करून बघितलं. प्रत्येक कणाभोवती एकच खाच गोल फिरलेली. स्टीलच्या डब्याला झाकणाची फट असते ना, तशी.

ती खाच महत्त्वाची. परागकणाचं कवच भयंकर चिवट असतं, आणि आतली नलिका बाहेर पडायला त्यात पातळ जागा ठेवलेली असते. कुमुदिनीला अशी वाट एक. ज्वारीच्या, उसाच्या कणालाही एकच, बारीक भोकासारखी. पण आंबा, वांगं, मिरची, तूर, शेवंती, जास्वंद ही सगळी ज्या मोठ्या गोतात येतात, त्या गोताच्या मूळ पुरुषाच्या कणाला तीन चिरा होत्या. भरल्या वांग्याला आपण चार चिरा देतो, इथे तीन. पुढे काहींनी त्या वाढवल्या, जास्वंदीच्या काटेरी गोळ्यावर तर भोकंच भोकं आहेत. पण सुरुवात तीनपासून. कण कसाही पडला तरी एखादी वाट तरी कुक्षीच्या, म्हणजे फुलातल्या पराग झेलणाऱ्या टोकाच्या, जवळ येणार, असा याचा फायदा सांगतात. खडकांच्या थरांत असे तीन चिरांचे कण सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीपासून सापडू लागतात. आज फुलणाऱ्या वनस्पतींच्या दर चार जातींतल्या साधारण तीन याच गोतातल्या. १९९१ साली त्यांना युडिकॉट हे नाव मिळालं. मी वर्गात ‘खरी द्विदल’ म्हणते.

‘खरी’ म्हणायचं कारण असं की आपण शाळेत शिकलो ती द्विदलांची पेटी आता फुटली आहे. बीला दोन दलं दिसली म्हणजे एका घरातली, असं राहिलं नाही. सीताफळ, सोनचाफा, दालचिनी, मिरी यांना दलं दोनच, पण ती या गोतात नाहीत. याच नर्सरीत ‘चाफा’ म्हणून सोनचाफा आणि देवचाफा शेजारी शेजारी ठेवलेत. त्यातला देवचाफा खरा द्विदल, सोनचाफा नव्हे. पण चाफ्यावरून मी भांडायला गेले नाही. दोन्ही रोपं चांगली निघाली, सोनचाफ्याचं कलम तर दुसऱ्याच वर्षी फुललं. त्याचा एक तारा वर धरलेला आहे.

मे महिन्यात एक टब रिक्षात घालून परत गेले. मालकांनी फोन कानाला लावूनच बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, हेही कमळच. लिली कमळ म्हणतात त्याला.” मी कागद पुढे केला. तेवढ्यात माळीमामा आले, टबावर वाकले, चुळकाभर पाणी पानावर टाकलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बाई, ह्याच्या पानाला चीर हाय. कमळाच्या पानाला चीर नसती, देठ मधोमध येतो, छत्रीगत. आन् ह्याच्यावर पाणी पसारतंय बघा. कमळाच्या पानावर पाऱ्यागत पळतं.” मग मालकांना, “म्या म्हणत हुतो का न्हाई, पाट्या दोन करा?” मालकांचं उत्तर, “पेंटर पाटीमागे सहाशे घेतो.”

न्यायाने बोलायचं तर मालकांची बाजूही घेतली पाहिजे. १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने जगातल्या वनस्पतींना नावं दिली, तेव्हा त्यानेही कमळ कुमुदिनीच्याच पोतडीत टाकलं होतं, ‘निम्फिया नेलंबो’ म्हणून. हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “कुठली नर्सरी त्यांची?”

पुढची दोनशे वर्षं तरी बहुतेकांनी या दोघींना शेजारीच बसवलं. १९९३ साली सुमारे पाचशे वनस्पतींच्या हरितलवकातलं एक जनुक ताडून पाहिलं गेलं, जे पान हवेतला कार्बन पकडायला वापरतं ते. त्यात कमळ कुमुदिनीजवळ बसलंच नाही. जाऊन बसलं चिनाराच्या शेजारी. चिनार म्हणजे काश्मीरचा तो मोठा वृक्ष. दल सरोवरात पाण्यात कमळ आणि काठावर चिनार, असे दोन नातेवाईक लाखो पर्यटकांच्या फोटोत एकत्र येतात. तिसरा नातेवाईक सिल्व्हर ओक. बांधावर लावतात तो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. या नर्सरीत कमळाच्या कोपऱ्याला लागूनच सिल्व्हर ओकच्या पिशव्यांची रांग आहे, वीस रुपये नग. मामांना म्हटलं, ह्यो कमळाचा चुलतभाऊ. त्यांनी बाईंच्या डोक्यात ऊन गेलंय अशा नजरेने बघितलं.

आणि कुमुदिनी? तिची फांदी फुलणाऱ्या वनस्पतींच्या झाडाच्या पार बुंध्याजवळ फुटते. गवतं आणि खरी द्विदल एकमेकांपासून वेगळी होण्याच्याही आधी. म्हणजे नर्सरीच्या कुंपणापलीकडे जो ऊस उभा होता, तो कमळाला कुमुदिनीपेक्षा जवळचा. हे मला बुद्धीला पटतं, पण डोळ्यांना अजून पटत नाही. पाणी, चिखल, ऊन या एकाच घरात राहून दोघींनी एकसारखे कपडे शिवून घेतले, एवढंच.

आता पाटीकडे परत येते, कारण खरी गंमत तिथेच आहे. ‘सर्व प्रकार’ यात अजून दोन कुंड्या होत्या, कृष्णकमळ आणि ब्रह्मकमळ. कृष्णकमळ हा अमेरिका खंडातून आलेला वेल. ब्रह्मकमळ म्हणून आपल्याकडे रात्री फुललं की सगळी सोसायटी सेल्फीला येते, तो मेक्सिकोकडचा निवडुंग. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर असतं आणि ते सूर्यफुलाच्या कुळातलं. यातलं एकही कमळ नाही. पण वेल, निवडुंग आणि हिमालयातलं ते फूल, तिन्ही खरी द्विदल, म्हणजे कमळाच्या गोतातली. पाटीखाली जी सगळ्यांत कमळासारखी दिसत होती, तीच एकटी बाहेरची. पेंटरला सहाशे देऊन वॉटर लिली तेवढी काढली असती तर पाटी लांबच्या नात्याने का होईना, बरोबर ठरली असती.

मालकांनी पैसे परत दिले नाहीत. बदलून देतो म्हणाले, वर दीडशे घेऊन. दीडशे का, तर ‘ओरिजिनल’ आहे म्हणून. इथे एक तारा गेला. दुसरा अर्धा गेला टबाला बारीक तडा होता म्हणून. गच्चीवर ओल आली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं बोलणं मी खाल्लं.

पण मामांनी मागच्या सिमेंटच्या हौदात गुडघ्यापर्यंत उतरून कंद काढला तो बघण्यासारखा होता. कंद म्हणजे आपली कमळकाकडी. सॉसेजसारखी पेरं, एकाला एक जोडलेली, टोकाला नाजूक कोंब. “ह्यो मोडला की संपलं,” म्हणून त्यांनी तो ओल्या गोणपाटात बाळासारखा गुंडाळला. एक जास्तीचं पेर होतं ते मोडून दाखवलं. दोन तुकडे लांब केले तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ताणले गेले, तुटेनात. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना आतून स्प्रिंगसारखे वळसे असतात, तेच उलगडून बाहेर येतात. म्यानमारमध्ये इनले सरोवरावर कमळाच्या देठांतल्या अशाच धाग्यांपासून कापड विणतात. मामांना विणकामाचं माहीत नव्हतं, पण धागा निघाला तर कंद जिता, हे माहीत होतं.

लावताना काय काय केलं ते थोडक्यात. भोक नसलेला वीस इंची टब, ओढ्याचा गाळ आणि काळी माती, जुनं शेणखत मूठभरच, कंद आडवा आणि कोंब उघडा, वर पाच-सहा बोटं पाणी, डासांसाठी चार गप्पी मासे. पहिली पानं कमळाचीही पाण्यावर तरंगतात, घाबरू नका. चीर नसली म्हणजे झालं. पुढची पानं देठावर उंच उभी राहतात.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कळी आली, गौरींच्या तोंडावर. मालकांचं भाकीत एवढं एक खरं ठरलं. कमळाचं फूल स्वतःला गरम ठेवतं, हे मी मुलांना कित्येक वर्षं सांगत आलेय. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात ते मोजलं गेलं, १९९६ साली छापून आलं: बाहेर दहा अंश असो की तीस, फुलाच्या आत तीस ते छत्तीसच्या दरम्यान. सांगत आले, पण हात लावून कधी बघितलं नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशी पहाटे पावणेसहाला प्रयोगशाळेतला सुईच्या टोकाचा थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेले. हवा साडेएकवीस. पाकळ्या जेमतेम सुटलेल्या, मधे पिवळा उलटा शंकू, शॉवरच्या तोंडासारखा, त्यात एकेका खड्ड्यात बसलेल्या कुक्षी. सुई शंकूजवळ धरली. आकडा चढत चढत एकतीसच्या पुढे गेला. मग बोट लावलं. खरंच ऊबदार, तापातून उठलेल्या लेकराच्या कानामागे असतं तेवढं. बडीशेपेसारखा वास आणि आत दोन भुंगेरे निवांत बसलेले. रात्रभर त्यांना कोमट खोली मिळते, बदल्यात पराग इकडचे तिकडे होतात. सासूबाईंना वर बोलावून बोट लावायला लावलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण ते फूल तोडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुंकेसर फुटले तेव्हा पराग घेतले आणि कॉलेजात पळाले. तीन चिरा. स्लाइडभर. बारावीच्या मुलांना दोन मायक्रोस्कोप शेजारी लावून दिले, एकाखाली कुमुदिनी, दुसऱ्याखाली कमळ, आणि काही न सांगता विचारलं, यातलं जास्वंदीच्या घरातलं कोण? सत्तावीसपैकी चोवीस बरोबर. लिनियसला असा मायक्रोस्कोप असता तर, असं मनात आलं; पण त्याला तेव्हा कमळापेक्षा मोठी कामं होती.

कुमुदिनीचा दुसरा टब मी परत केला नव्हता. तो आता अर्थातच लाडका आहे. तिच्या फुलाच्या पाकळ्या एकेक सुट्या करून वर्तमानपत्रावर ओळीने मांडा. बाहेरून आत येताना पाकळी हळूहळू अरुंद होते, टोकाला पिवळी होते, मग कडेला परागकोश दिसू लागतो आणि शेवटी सरळ पुंकेसर होतो. पाकळी कुठे संपली हे बोट ठेवून सांगता येत नाही. याच्याशेजारी साध्या लाल जास्वंदीचं फूल ठेवा: पाच पाकळ्या, मधे एक नळी, तिच्यावर पुंकेसर, सगळं आखल्यासारखं. १९९१ साली कोएन आणि मायेरोविट्झ या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातलं एक तण आणि स्नॅपड्रॅगन यांच्या बिघडलेल्या फुलांवरून फुलाचे भाग कसे ठरतात याचं उत्तर मांडलं. जनुकांचे तीन गट, ए, बी आणि सी. एकटा ए चालला तर निदल, म्हणजे कळीवरचं बाहेरचं हिरवं पान, ए-बी मिळून पाकळी, बी-सी मिळून पुंकेसर, एकटा सी असला तर बीजकोश. सी गप्प बसला की पुंकेसराच्या जागी पाकळ्या येतात. नर्सरीत ‘डबल जास्वंद’ म्हणून शंभर रुपये जास्त घेतात, ते अशाच गडबडीचे. कुमुदिनीत या जनुकांच्या हद्दी एकमेकांत मिसळलेल्या, म्हणून पाकळीचा पुंकेसर असा टप्प्याटप्प्याने होतो. ‘सहस्रदल कमळ’ घ्याल तर हेही ध्यानात ठेवा: पुंकेसर आणि बीजकोश पाकळ्या होण्यात खर्ची पडलेले असतात, त्याला बी धरत नाही. मालक ते नऊशेला देतात आणि बीचं विचारलं तर “होईल की” म्हणतात.

कमळाचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. २००७ साली द्राक्षाचा संच उलगडला, तासगावला पिकतात त्याच जातीचा. त्यात दिसलं की दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी एका पूर्वजात सगळा संच तिप्पट झाला होता. एकाची नक्कल दोनदा निघावी तसा. द्राक्ष, टोमॅटो, जास्वंद, आंबा, सगळ्यांत त्या तिपटीच्या खुणा आहेत. कमळात नाहीत. ते त्याआधीच वेगळ्या वाटेला लागलेलं. तीन चिरा आहेत, पण तिप्पट संच नाही. घरातलं मोठं भावंड, वाटणी व्हायच्या आधी वेगळं झालेलं.

आता ग्राहकांसाठी. ऑनलाइन निळ्या कमळाच्या बियांची पाकिटं येतात, आमच्या एका विद्यार्थिनीने आणलं होतं. कमळाच्या जगात जातीच दोन, एक आपली आशियातली गुलाबी-पांढरी, दुसरी उत्तर अमेरिकेतली पिवळी. निळं कमळ नसतं. निळी असते ती कुमुदिनी. फोटोत रंग भरलेला असतो. खरी बी असेल तर काळी, गोटीसारखी टणक असते. बोथट टोक पॉलिश पेपरवर आतला पांढरट भाग दिसेपर्यंत घासा आणि पाण्यात टाका, चार-पाच दिवसांत हिरवा कोंब येतो. न घासता टाकाल तर बसेल तशीच. चीनमध्ये लिआओनिंग प्रांतात एका जुन्या तळ्याच्या गाळातली सुमारे तेराशे वर्षांची बी रुजवलेली आहे, म्हणजे बघा. आणि दुकानात मखाण्याला कोणी कमळाच्या लाह्या म्हणालं तर ऐकून घ्या, पण ते कमळ नव्हे. मखाणा कुमुदिनीच्या घरातला, काटेरी पानाचा, बिहारमध्ये मिथिलेत पिकणारा. मिथिलेच्या मखाण्याला २०२२ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. कमळाची बी ती कमळगट्टा, जपमाळेतली.

गेल्या रविवारी सीताफळाचं कलम आणायला गेले होते. पाटी तीच आहे. पण तिच्याखाली आता वीटकरीने, मामांच्या अक्षरात, एक ओळ वाढली आहे: ‘चिर नाही ते कमळ’. ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केलं नाही.

सोमवारी बंद असते. सकाळी नऊच्या आत गेलात तर मामा भेटतात, नंतर ते मागच्या हौदावर असतात. टब आपला घेऊन जा.